सव्वासात इंच

वस्तरा हातात घेण्याआधी मोतीरामभाऊ डोळे मिटत आणि उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून पाहत. आधी पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत, मग करंगळीपासून परत. एकूण आठ स्पर्श. घाई असली तरी आठच, सात कधी नाहीत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हा माणूस कसला तरी मंत्र म्हणतो आहे. विचारलं तर ते सांगत, "हजेरी घेऊन राह्यलो बाप्पा. सगळे आले का नाई, ते पाहा लागते."

ते वारले त्याला आता दोन वर्षं होतील. ही हजेरी त्यांना का घ्यावी लागे ते मी सांगू शकतो, कारण त्या हाताचं माप ठेवायचं काम एके काळी माझ्याकडे होतं. त्या कामात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. तीही सांगणार आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी जमीनमोजणीच्या खात्यात नवा होतो आणि माझं ठाणं चिखली तालुक्यात उंद्रीला होतं. साखळी, फीत, खुंट्या घेऊन सकाळी निघायचं, ऊन चढेपर्यंत वावरं मोजायची आणि दुपारी आकडे नकाशावर उतरवायचे. राहायला मोतीरामभाऊंच्या घराला लागून एक खोली मिळाली होती. ते गावचे न्हावी. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं सडसडीत, बोलणं कमी पण नेमकं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला पाटावर बसवलं, गालाला साबण लावला आणि विचारलं, "साहेब, वावर मोजतानी तुमी साखळी ताणता का ढिली सोडता?"

"ताणतो. पण बेताची."

"मंग तुमचा-माहा धंदा एकच हाये. कातडं ताणाचं, पन बेतानं."

त्यांचा वस्तरा गालावरून फिरला तेव्हा काही लागलं नाही, नुसता आवाज ऐकू आला. उठताना मी आभार मानले, तर म्हणाले, "आभार कायचे? गळा देनारा मानूस मोठा. वस्तरा धरनारा नाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे किती वेळा ऐकलं, ते मोजलेलं नाही.

ज्येष्ठातल्या एका बाजाराच्या दिवशी ते सोड्याच्या गाडीपाशी उभे होते. बाटलीतली गोळी उजव्या हातानं आत दाबताना बाटली फुटली आणि काचेचा तुकडा मनगटात आतल्या बाजूनं शिरला. मी तिथून वीस पावलांवर होतो. धोतराची पट्टी करकचून बांधली आणि मिळेल त्या गाडीनं त्यांना घेऊन जिल्ह्याच्या गावी पोचलो. तिथले डॉक्टर लष्करातून आलेले होते आणि युद्धात जखमी झालेले पुष्कळ हात त्यांनी शिवले होते. त्यांनी मनगट शिवलं आणि टाके काढायच्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं.

"मेंदूकडून हाताकडे येणारी एक नस तुटली होती. ती विजेच्या तारेसारखी असते. मी टोकाला टोक जोडलं आहे, पण वरून येणारा जीव जुन्या तारेतून पुन्हा वाहत नाही. त्याला नव्यानं वाढावं लागतं. पहिला महिना फुकट जाईल. मग महिन्याला साधारण एक इंच."

"एक इंच?" मोतीरामभाऊ म्हणाले. "डाक्टरसाहेब, आमची तूर बी याच्याहून झपाट्यानं वाढते."

डॉक्टर हसले. त्यांनी जखमेच्या वणापासून तळव्याकडे बोटानं हलकेच टिचक्या मारून दाखवल्या. "जिथे टिचकी मारल्यावर बोटांत झिणझिण्या येतील, तिथवर नस पोचली असं समजा. तोवर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर राहतील. जपा."

परतीच्या वाटेवर मोतीरामभाऊ मला म्हणाले, "साहेब, तुमी अख्ख्या गावाची वावरं मोजता. हे बी मोजा." घरी आल्यावर मी फीत लावली. वणापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर भरलं सव्वासात इंच. एक कोरी वही काढली आणि वर तेवढंच लिहिलं.

त्या सव्वासात इंचांवर त्यांचं सगळं अवलंबून होतं. आमच्या भागात न्हाव्याची घरं तेव्हा बांधलेली असत. कोणाची दाढी कोणत्या वारी हे ठरलेलं असे, आणि सुगीत ज्याच्या त्याच्या खळ्यावरून धान्य मिळे. पाडव्याला सगळे मारुतीच्या पारावर बसत आणि वर्षाचं पक्कं करत. मोतीरामभाऊंकडे चौसष्ट घरं होती. हात निकामी झाल्यावर चिखलीचा एक तरुण न्हावी घडीची खुर्ची घेऊन उंद्रीत येऊ लागला. आधी बाजाराच्या दिवशी, मग एक दिवसाआड. पाडव्याच्या आत हात बरा झाला नाही तर चौसष्ट घरं त्या खुर्चीकडे जाणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माप घेई. आषाढात शून्य. श्रावणात पाऊण इंच. भाद्रपदात पावणेदोन. आश्विनात पावणेतीन. त्याच महिन्यात चहाचा पितळी पेला त्यांनी त्या बोटांत धरला आणि बोलत बसले. पेला खाली ठेवला तेव्हा तिन्ही बोटांना फोड आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. गंगाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणाल्या, "आता तुमच्या हाताचं बी मलेच दुखाले पाह्यजे का?" त्या दिवसापासून त्यांना चहा थंड करून मिळू लागला.

कार्तिकात पावणेचार इंच झाले आणि अंगठ्याच्या बुडाशी मांस थरथरलं. गाव पाहायला जमलं. सर्वांत पुढे दगडूआप्पा. हे गावातले मोठे शेतकरी, साठीचे, बोलायला तिखट. त्यांची दाढी वीस वर्षं मोतीरामभाऊ करत आले होते, दर रविवारी, सगळ्यांच्या आधी. मोतीरामभाऊंनी जोर लावला. अंगठा जरासा हलला, पण त्याबरोबर कोपर वर उचललं गेलं आणि तोंडाचा उजवा कोपरा वाकडा झाला.

"मोतीराम," दगडूआप्पा म्हणाले, "अंगठा हालव म्हनलं बे. तोंड काऊन वाकडं करतं?"

सगळे हसले. मोतीरामभाऊही हसले. "आप्पा, म्या अंगठ्यालेच हाक मारली होती. हे दोघं बिनबोलावता आले."

मीही हसलो आणि वहीत 'पावणेचार' लिहिलं. तोंडाचं आणि कोपराचं काही लिहिलं नाही. वहीत फक्त इंच होते.

मार्गशीर्ष, पौष, माघ असे गेले. फाल्गुनाच्या पहिल्या रविवारी मधल्या बोटाच्या अगदी टोकाला टिचकी मारली आणि मोतीरामभाऊंनी हात झटकला. सव्वासात इंच पुरे झाले. पाडव्याला अजून महिना होता. मी वही घेऊन तडक दगडूआप्पांच्या ओसरीवर गेलो आणि चारचौघांत सांगितलं की नस टोकाला पोचली, हात पूर्ववत झाला.

"साहेबाचं माप हाये," दगडूआप्पा म्हणाले. "चुकाचं नाई. बोलवा त्याले, आज इतवारच हाये."

मोतीरामभाऊ पेटी घेऊन आले, पण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, हात आला, पन मले अजून वळखत नाई. पह्यल्या बोटाले काई लागलं का मधल्यात वाटते."

"सवय नाही म्हणून," मी म्हणालो. "होईल."

दोन्ही गाल ठीक झाले. हनुवटीच्या वळणावर वस्तरा कलता करायचा असतो आणि ते काम अंगठ्याचं. मी समोरच बसलो होतो. मला आधी मोतीरामभाऊंचं तोंड वाकडं होताना दिसलं आणि मग कोपर वर उचललेलं. दगडूआप्पांची हनुवटी अर्धा इंच कापली. रक्त थांबायला तुरटी पुरली नाही, हळद दाबावी लागली.

दगडूआप्पा ओरडले नाहीत. उपरण्यानं हनुवटी दाबून ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमचं माप बरोबर असन. पन तुमी मोजलं काय, ते एक डाव पाहून घ्या."

त्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही सावकाश वाचली. मग मोतीरामभाऊंना डोळे मिटायला सांगून पेन्सिलीचं टोक त्यांच्या बोटांना लावलं आणि कोणतं बोट ते विचारलं. निम्म्याहून अधिक उत्तरं चुकली. अंगठा हलवायला सांगितलं, तर अंगठा, कोपर आणि तोंड तिन्ही हलली.

"मोजणीदार," डॉक्टर मला म्हणाले, "तुमची मापं चोख आहेत. पण तुम्ही मनगटापासून पुढे मोजलंत. ही तार निघते कुठून, ते पाहिलं नाहीत." त्यांनी कागदावर एक पट्टी काढली आणि तिचे तुकडे पाडले. "मेंदूत हालचालींची अशी एक पट्टी असते. पाय इथे, कोपर इथे, मग मनगट, बोटं, अंगठा, आणि अंगठ्याला लागून चेहरा. हुकूम इथून सुटतात. नऊ महिने यांच्या अंगठ्याच्या तुकड्यावरून सुटलेला हुकूम कुठेच पोचला नाही. अशा वेळी त्या जागेचं पुढे काय होतं, हे पुस्तकांत नीट दिलेलं नाही."

मोतीरामभाऊंनी पट्टीतल्या अंगठ्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे माहं वावर पडीत पडलं," ते म्हणाले. "अन् इकडून शेजारी कोपर, तिकडून शेजारी तोंड. ते काय गप बसतीन? धुरा कोरला असन त्याईनं."

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. शेजाऱ्याचं शेत वर्षभर पडीत दिसलं की नांगराचा फाळ दर खेपेला थोडा धुऱ्यात घालून तो सरकवायचा, हा प्रकार मी रोज पाहत होतो. माझे निम्मे तंटे त्याचेच.

डॉक्टर हसले नाहीत. "असंच काही होत असावं," ते म्हणाले. "शिवाय तारेच्या आत शेकडो बारीक तारा असतात. पहिल्या बोटाची मधल्यात गेली असेल. ते मला दुरुस्त करता येणार नाही. पण मी सैनिकांचे हात पाहिले आहेत. ज्यांनी हात झाकून ठेवला त्यांचा तसाच राहिला. ज्यांनी डोळ्यांनी पाहत, चुका करत रोज वापरला, त्यांची बोटं पुष्कळशी परत आली. वर्ष लागेल, दीड लागेल."

"म्हंजे कब्जा वहिवाटीनंच घ्या लागन," मोतीरामभाऊ म्हणाले.

अलीकडे माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचे न्हावी फार लांबचं बोलले नव्हते. नस तुटली की मेंदूतली तिची जागा मोकळी राहत नाही, शेजारचे भाग तिथे पसरतात, आणि ते फार लवकर सुरू होतं, असं आता दिसून आलं आहे. नस परत आली की वापरानं ती जागा पुष्कळ अंशी परत मिळवता येते, पण प्रत्येकाला पूर्ण मिळतेच असं नाही. मला स्वतःला यातून एवढं कळलं की नकाशावरची रेघ बरोबर असणं निराळं आणि त्या रेघेपर्यंत नांगर कोणाचा चालतो ते निराळं. त्यानंतर कोणतंही वावर मोजताना मी आधी शेजाऱ्यांना विचारत आलो.

पाडव्याला पारावर सगळे जमले. चिखलीचा न्हावीही आला होता. कोणी काही बोलायच्या आत मोतीरामभाऊ उभे राहिले. "माहा हात तयार नाई," ते म्हणाले. "तुमी मले गळा देऊ नका. ज्याले थांबाचं असन त्यानं थांबा, ज्याले जाचं असन त्यानं खुशाल जा. हात आला का मीच सांगीन."

मग मी उठलो आणि सांगितलं की दगडूआप्पांच्या हनुवटीला मोतीरामभाऊ जबाबदार नाहीत. त्यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चौसष्टांपैकी एकोणीस घरं थांबली, तीही फक्त डाव्या हातानं मशीन चालवून केस कापण्यापुरती. दगडूआप्पांनी आपलं घर खुर्चीकडे दिलं. देताना मोतीरामभाऊंकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. गंगाबाई परातीत ज्वारी, तूर, मूग आणि सरकी एकत्र करून ठेवत. मोतीरामभाऊ डोळे मिटून चिमटीत एक दाणा घेत आणि नाव सांगत. चुकलं की डोळे उघडून तो दाणा पाहायचा, पुन्हा मिटून चाचपायचा. अंगठ्यासाठी त्यांनी स्वतःची तऱ्हा काढली. समोर गिऱ्हाइकाचा आरसा ठेवायचा, म्हणजे तोंड वाकडं झालेलं दिसे. काखेत घडी केलेली टोपी धरायची, म्हणजे कोपर उचललं की टोपी पडे. मग अंगठा हलवायचा, फक्त अंगठा. पहिल्या दिवशी टोपी इतक्यांदा पडली की गंगाबाई म्हणाल्या, "धुवाले तरी टाका ते, आंगन झाडून निंघालं तिनं."

मीही वही बदलली. आता तिच्यात इंच नव्हते. रोज वीस वेळा पेन्सिल लावायची आणि बरोबर किती ते लिहायचं. चैत्रात वीसपैकी सात. श्रावणात अकरा. मध्ये पंधरा दिवस आकडा मागे गेला तेव्हा मी काळजीत पडलो. मोतीरामभाऊ म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याचा बैल एकदा हाकलला तं दुसऱ्या दिवशी येतेच. रोज हाकला लागते."

भाद्रपदात गंगाबाईंच्या मांडवावर कोहळी लागली. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते, अगदी कोवळ्या दाढीसारखी. मोतीरामभाऊंनी कोहळ्याला साबण लावला आणि वस्तरा चालवला. सालीला चीर न पडता लव निघाली पाहिजे. पहिल्या कोहळ्याला अकरा चिरा पडल्या आणि त्याची भाजी झाली. दुसऱ्याचीही झाली. दसऱ्यापर्यंत त्यांच्या आणि माझ्या ताटात दुसरी भाजी क्वचितच आली. गंगाबाई वाढताना म्हणत, "खा साहेब, यायच्या हातून आज येकच गिऱ्हाईक मेलं." दिवाळीनंतर एका कोहळ्याला एकही चीर पडली नाही. मोतीरामभाऊंनी ते भाजीला दिलं नाही, दोन दिवस ओट्यावर ठेवलं.

माघात वीसपैकी अठरा आले, पुढच्या पाडव्याला एकोणीस. मग त्यांनी स्वतःची दाढी त्या हातानं केली, नंतर माझी. मी पाटावर बसलो तेव्हा थोडा घाबरलो होतो, हे लपवत नाही. त्यांना ते कळलं. "गळा देनारा मानूस मोठा," ते म्हणाले, डोळे मिटून अंगठा आठ वेळा बोटांच्या टोकांना लावून पाहिला आणि वस्तरा उचलला. ती हजेरी तेव्हापासूनची. काही लागलं नाही.

त्या वैशाखात दगडूआप्पांच्या नातवाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी सकाळी नवरदेवाची दाढी गावच्या न्हाव्यानं करायची असते आणि त्या तोंडावर ओरखडाही चालत नाही. मांडवात चिखलीच्या न्हाव्याची वाट पाहत असतील असं मला वाटलं होतं. पण हळदीच्या सकाळी दगडूआप्पा नातवाला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. तो शनिवार होता.

"मोतीराम," ते म्हणाले, "मांगच्या सालच्या पाडव्याले तू म्हनला होतास, हात आला का मीच सांगीन. मी वर्षभर कान देऊन राह्यलो. तू काई सांगत नाई."

"आप्पा, तुमाले कोन्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं. वाकडं तं नाई होत ना आता?"

मोतीरामभाऊ माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. "हात आला," ते म्हणाले. "सांगून राह्यलो. घ्या."

दगडूआप्पांनी नातवाला बाजूला सारलं आणि आधी स्वतः पाटावर बसले. हनुवटीवरचा वण साबणाखाली झाकला गेला. त्यांनी डोळे उघडेच ठेवले होते. वस्तऱ्याकडे नव्हे, ते मोतीरामभाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. दोन्ही गाल झाले. वस्तरा हनुवटीशी आला, वळणावर कलता झाला आणि वणावरून पुढे गेला. कोपर जागच्या जागी होतं. मोतीरामभाऊंच्या तोंडाचा कोपरा हलला नाही.

दगडूआप्पांनी तळहात हनुवटीवरून दोनदा फिरवला, तळव्याकडे पाहिलं आणि नातवाला म्हणाले, "बस बे. आता तुही पाळी."

नवरदेवाची दाढी निर्विघ्न पार पडली. तो हळदीला गेला तरी दगडूआप्पा रेंगाळत होते. शेवटी जोडा पायात घालता घालता, मान वर न करता म्हणाले, "मोतीराम, माहा इतवार तं आता तू दुसऱ्या कोनाले देला असन."

"नाई आप्पा," मोतीरामभाऊ वस्तरा पुसत म्हणाले. "इतवारची पह्यली पाळी म्या कोनाले देलीच नाई."

ते खरं होतं. एकोणीस घरांच्या त्या वर्षात, जेव्हा प्रत्येक डोकं मोलाचं होतं, तेव्हाही रविवारी सकाळी मोतीरामभाऊ कोणाकडे जात नसत. मला वाटे, ते विश्रांती घेतात.